काळ्या स्क्रीनचे अनुभव: डेव्हलपरला लिनक्स, कमांड लाइन यायलाच पाहिजे का?

नवीपेठकर
काल भाचा विचारत होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, "मामा, कमांड लाइन म्हणजे ते काळ्या स्क्रीनवरचं टायपिंग कशाला शिकायचं, एआयला सांगितलं की कमांड देतो की." आणि मला एकदम पुण्यातला पहिला इंटरव्ह्यू आठवला. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने गेलेलो. समोरच्यांनी जावाचं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, सर्व्हरवर काही जीबीची लॉग फाइल आहे, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींची, रात्री एका ग्राहकाचं पेमेंट अडकलं, कसं शोधशील? आमच्या घरी काकांच्या ऑफिसातला जुना पीसी होता, त्यावर विंडोज एक्सपी नीट चालायचं नाही म्हणून उबुंटू टाकलेलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचाच एक प्रकार, त्यामुळे ग्रेप (फाइलीत शब्द शोधणारी कमांड) आणि लेस (मोठी फाइल पानापानानं दाखवणारी) हातात बसलेलं. ग्रेपला ग्राहकाचा नंबर द्यायचा, आजूबाजूच्या चार ओळी पण मागायच्या, झालं. नोकरी तिथंच लागली.

माझं मत पक्कं आहे, यायलाच पाहिजे. कोड कुठल्याही लॅपटॉपवर लिहा, शेवटी तो चालतो बहुतेक वेळा लिनक्स सर्व्हरवर आणि तिथं माऊस नसतो. एआय कमांड देईल, पण आरएमच्या (फाइल उडवायची कमांड) पुढं काय लिहिलंय ते एंटर मारायच्या आधी वाचता यायला नको का? लिहा तुमचे अनुभव, भाच्याला दाखवणार आहे.

शेंगाचटणी
उबुंटू म्हटलं की ती सीडी!! फुकट यायची पोस्टानं परदेशातून, २०११ ला बंद केली त्यांनी. आमच्या गल्लीत पोस्टमनकाकांना वाटलं पोराला परदेशात ॲडमिशन मिळाली, पेढे मागितले 😀 आईनं दिले पण.

अक्कलकोट रोड
आमच्याकडचं सांगते. एका टॉवेल कारखान्याची वेबसाइट केलेली, टीममधल्या मुलाच्या विंडोजवर सगळे फोटो दिसायचे आणि सर्व्हरवर चढवली की एकही नाही. तो बिचारा दिवसभर कोड बघतोय. मी सर्व्हरवर एलएस मारलं, म्हणजे फाइलींची यादी काढली, आणि दिसलं की फाइलचं नाव कॅपिटल टी ने आहे आणि कोडमध्ये स्मॉल. विंडोजला दोन्ही एकच वाटतात, लिनक्सला नाही. क्लायंट तोपर्यंत होस्टिंगवाल्याला फोन करून भांडून मोकळा झालेला. असल्या गोष्टी कोणी शिकवत नाही, त्या सिस्टिमवर थोडं राहावं लागतं.

गड्डाफॅन
@अक्कलकोट रोड ताई टॉवेल होलसेलमध्ये मिळतील का तिथं? बहिणीच्या लग्नात आहेराला द्यायचेत. चादरी घेतल्यात ऑलरेडी

अक्कलकोट रोड
मिळतील, किती नग ते सांगा, विचारते.

डॉटनेटदादा
मी जरा वेगळं बोलतो. पतसंस्थांची सॉफ्टवेअर करतो, सगळं विंडोजवर, घर त्याच्यावरच बांधलं जुळे सोलापुरात. लिनक्स नाही आलं म्हणून कुणी उपाशी राहत नाही, पोरांना घाबरवू नका. ज्याला मोबाइल ॲपचं डिझाइन करायचंय त्याला पहिल्या दिवशी शेल स्क्रिप्ट, म्हणजे कमांड लिहून ठेवलेली फाइल, कशाला? पण हां, २०१६ ला मायक्रोसॉफ्टचं डॉटनेट कोअर आलं आणि आम्ही ज्यात सॉफ्टवेअर लिहितो ते आमचंच डॉटनेट लिनक्सवर चालायला लागलं. आता क्लायंट स्वतः विचारतात लायसनचा खर्च वाचतो का. तेव्हा मी पण शिकलो, आणि शिकायला वय आड आलं नाही. आधी प्रोग्रामिंग पक्कं करा, मग हे करा, एवढंच म्हणणं.

नवीपेठकर
दादा मान्य, पण "मग" म्हटलं की पोरं करतच नाहीत हो. दोन्ही बरोबरच चालू दे.

कुर्डुवाडी जंक्शन
काय बोलूलालाव बे, रात्रीची ड्युटी करा एकदा मग कळंल. दिवाळीला घरी येत होतो, गाडीत असतानाच फोन, साइट बंद. डिस्क १०० टक्के भरलेली. दुसऱ्यानं मोठी लॉग फाइल उडवलेली तरी डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) १०० टक्केच दाखवतंय, सगळे चक्रावले. लिनक्समध्ये फाइल डिलीट केली तरी चालू प्रोग्रामनं ती उघडी धरली असली तर जागा सुटत नाही. एलएसओएफ मारलं, म्हणजे कुठल्या प्रोग्रामनं कुठली फाइल उघडी धरलीय ते बघितलं, डिलीटेड लिहिलेल्या ओळीत आमचा ॲप सर्व्हर दिसला, तो रीस्टार्ट केला की जागा मोकळी, साइट सुरू. आणि हे सगळं मोबाइलच्या नेटवर, जे दर दहा मिनिटाला जातंय. टीमक्स नावाच्या प्रोग्राममध्ये होतो म्हणून बरं, नेट गेलं तरी सर्व्हरवरचं काम तिथंच चालू राहतं, परत जोडलं की जिथं होतो तिथंच. शेजारच्या आजी म्हणल्या, बाळा जेव की आता. त्यांनीच कडक भाकरी दिली.

शेंगाचटणी
चटणीशिवाय कडक भाकरी कशी खाल्ली ते सांग आधी

कुर्डुवाडी जंक्शन
चटणी पण होती ओ, दही पण

सातरस्ता
कोणीतरी टाइमझोनचं पण लिहा. रात्री बाराचा रिपोर्ट रोज पहाटे साडेपाचला यायचा, सगळे क्रॉनला (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्राम) शिव्या. सर्व्हर यूटीसीवर होता, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागं.

आणि भाच्याला सांगा, कोडमधले बदल जपायला गिट वापरतोस ना? ते २००५ मध्ये लिनक्स बनवणाऱ्या टोरवाल्ड्सनी लिनक्सच्याच कामासाठी लिहिलं. खिशातल्या अँड्रॉइडमध्ये पण लिनक्सचंच कर्नल, म्हणजे गाभा, आहे.

लॅबमॅडम
मी ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल घेते. पोरं सीएचमॉड ७५५ (फाइलीच्या परवानग्या ठरवणारी कमांड) पाढ्यासारखं पाठ करतात आणि ७ म्हणजे काय विचारलं की गप्प. वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, बेरीज ७. एवढं फळ्यावर मांडलं की डोळे चमकतात हो त्यांचे, त्या क्षणासाठी शिकवते मी. गावाकडून येणाऱ्या मुलींकडे भारी लॅपटॉप नसतो, पण टर्मिनलला तो लागतच नाही, म्हणून मला हा विषय फार जवळचा आहे. विंडोज काढायची पण गरज नाही, डब्ल्यूएसएल टाका, विंडोजच्या आतच लिनक्स मिळतं.

भाचा_सोलापूर
मामानी दाखवलं 🙏 माझ्या लॅपटॉपला ४ जीबीच रॅम आहे, डब्ल्यूएसएल खूप स्लो होतंय. काय टाकू? आत्ता नळाला पाणी आलंय, भरून येतो.

लॅबमॅडम
लिनक्स मिंट टाक, एक्सएफसीई ह्या हलक्या डेस्कटॉपवालं, ४ जीबीत चालतं. पण आधी पेनड्राइव्हवरून नुसतं चालवून वायफाय पकडतंय का बघ, आणि फोटो-प्रोजेक्ट सगळं बाहेर कॉपी करून ठेव, मगच इन्स्टॉल.

गड्डाफॅन
ताई १५० नग