गटाची बचत फोनवरून वेळेवर येते पण बैठकीला कुणी येत नाही, काय करावं?

कोयनाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचा १२ जणींचा बचत गट आहे, गाव कऱ्हाड तालुक्यातलं. मी सचिव, वह्या माझ्याकडे. आधी दर महिन्याच्या ५ तारखेला देवळाच्या मंडपात बसायचो, २०० रुपये बचत, कर्जाचे हप्ते, कुणाला नवीन कर्ज पाहिजे, सगळं तिथंच व्हायचं. मग फोनपे आलं आणि बायका म्हणायला लागल्या की पैसे पाठवले की झालं, यायचं कशाला. आणि पैसे येतात हो, त्यात खोट नाही. पण बैठकीला आता चौघी-पाचजणी, बाकीच्यांच्या सह्यांसाठी वही घेऊन घरोघर फिरावं लागतं. परवा अध्यक्षबाईंनी एकीचा ३० हजारांचा कर्जाचा अर्ज व्हॉट्सॲपवर टाकला, तीनचार अंगठे आले आणि कर्ज दिलं गेलं, आता दोघी रुसल्यात की आम्हाला विचारलंच नाही. गैरहजेरीला दंड लावावा का? की बैठकच दोन महिन्यांनी घ्यावी? गट मोडू द्यायचा नाहीये, ह्याच गटामुळे दोघी सावकाराच्या पाशातून सुटल्यात.

प्रेरिका_सोलापूर:
ताई, दोन महिन्यांनी अजिबात नको. उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, आम्ही आठवड्याच्या बैठकीचा आग्रह धरतो ते उगाच नाही. पंचसूत्री बघा, नियमित बैठक पहिली, मग बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. बैठक गेली की बाकीचं हळूहळू दोघीतिघींच्या हातात जातं, आणि रुसवे तिथूनच सुरू होतात, तुमच्याकडे झालेत तसेच.
दंडाचं म्हणाल तर १०-२० रुपये नियमात असू द्या, पण बाई दंड भरते आणि मोकळी होते, येत नाहीच. त्यापेक्षा वेळ बदलून बघा. भांगलणीच्या दिवसात दुपारी ४ ला कोण येणार? रात्री जेवणं आटपून ८ ला घ्या, तासाभरात उरका.
आणि बैठकीत काय होतं ते महत्त्वाचं. आमच्या गटांत गोल करून बसतात, खुर्चीवर कुणीच नाही, अध्यक्ष पण सतरंजीवर. सचिव मागच्या बैठकीचं इतिवृत्त मोठ्याने वाचते, मागची शिल्लक अमुक, मग आजची बचत, आजचे हप्ते, मग कर्जमागणी, कुणाला कशासाठी पाहिजे ते तिनं स्वतः सांगायचं. शेवटी आजची शिल्लक किती हा आकडा गटातल्या सगळ्यात कमी शिकलेल्या बाईकडून मोठ्याने म्हणवून घ्यायचा. ती चुकली तर सगळ्यांनी मिळून परत हिशोब मांडायचा. दोनचार बैठकांत ती बाई स्वतःहून विचारायला लागते की अमकीचा हप्ता का आला नाही. अशा गटात सचिवाला कुणी संशयानं बघत नाही ताई, हे लिहून घ्या.

निवृत्त_शाखाधिकारी:
बँकेच्या बाजूनं सांगतो. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामविकासाच्या राष्ट्रीय बँकेने, १९९२ मध्ये ५०० गट बँकांना जोडायचा पथदर्शी प्रकल्प घेतला, तेव्हा ज्या बायकांकडे तारण ठेवायला काही नाही त्यांना कर्ज द्यायचं कशाच्या भरवशावर हाच प्रश्न होता. उत्तर निघालं ते गटाची शिस्त. आजही गटाला २० लाखांपर्यंत बिनतारण कर्ज मिळतं आणि ते देताना आम्ही वह्या बघतो. घरोघर फिरून घेतलेल्या सह्या लगेच ओळखू येतात, सहा महिन्यांची हजेरी एकाच पेनानं, एकाच बसणीत झालेली. अशी वही दिसली की अधिकारी सावध होतो, मग कर्ज लांबतं आणि गटाला कळतही नाही का ते. तेवढं आधी थांबवा.
फोनपे मात्र बंद करू नका असं माझं मत आहे. रोकड कोषाध्यक्षाच्या घरी डब्यात पडून राहायची, बँकेत भरायला जायचा एक दिवस मोडायचा, तो त्रास कमी झालाय. नियम एवढाच करा की पैसे बैठकीत बसूनच पाठवायचे, सचिवानं नाव पुकारलं की तिथंच. ज्यांच्याकडे तसला फोन नाही त्यांनी रोख द्यावी.

वैनगंगा:
मी गडचिरोलीकडची. मला वाटतं बायका येत नाहीत कारण येऊन ठरवायला काही उरलेलं नाही, पैसे आधीच गेले, कर्ज आधीच ठरलं, मग सही करायला कोण उठून येईल? आमच्याकडे धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे, गावचे नेते देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यामुळे बऱ्याच जणांना माहीत असेल. तिथं ग्रामसभेचा निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो, एकाचंही पटत नसेल तर विषय पुढं ढकलतात आणि अभ्यासगटात बसून बोलतात. वेळ लागतो खरं, पण ठरलं की ते सगळ्यांचं असतं. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाच्या जंगलावर सगळ्या गावाचा मिळून हक्क, मिळाले, त्याच्यामागे किती वर्षांचं असं बसणं-बोलणं होतं ते बघा. तुम्ही निदान कर्जाचा निर्णय तरी सगळ्यांच्या तोंडून घ्या, अंगठ्यांवर नको.
अजून एक, दोघी रुसल्यात त्यांच्याकडे अध्यक्षबाईंनी स्वतः जावं आणि पुढच्या बैठकीत त्या ३० हजारांवर सगळ्यांसमोर बोलणं व्हावं. ह्या नाराजीतूनच बायका फायनान्सवाल्यांकडे वळतात, ते दारात येऊन कर्ज देतात आणि मग हप्त्याच्या दिवशी दारातच बसतात. गटाचं व्याज निदान गटात तरी राहतं.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार, रात्री ८ चं आजच ग्रुपवर टाकते. एक विचारायचं राहिलं, फोनपेचे पैसे सध्या कोषाध्यक्षांच्या मुलाच्या नंबरवर येतात, तो महिनाअखेर गटाच्या खात्यात भरतो. पोरगा अगदी सरळ आहे. चालेल का?

प्रेरिका_सोलापूर:
नाही चालणार ताई, पोरगा कितीही सरळ असला तरी नाही. उद्या त्याच्या खात्यातून दुसरा कुठला हप्ता आपोआप कापला गेला तर गटाचे पैसे त्यात जातील आणि बोल त्याच्यावर येईल. फोनपेमध्ये मोबाईल नंबरऐवजी गटाचा खाते नंबर आणि आयएफएससी कोड टाकूनही पैसे जातात, पासबुकाच्या पहिल्या पानावर दोन्ही असतं. ह्या बैठकीत प्रत्येकीच्या फोनमध्ये ते भरून द्या. आणि आजवर मुलाच्या खात्यात किती आले, गटाच्या खात्यात किती भरले, ते महिन्यावार एका कागदावर काढून त्याच बैठकीत वाचून दाखवा, तो मुलगा पण तिथं असू दे.