शनिवारवाड्यातली हिरवळ जोत्यांपासून मागे घ्यावी का?

कसबेकर

शनिवारवाडा चालत बघायला येणारा माणूस दिल्ली दरवाजातून आत शिरतो, देवडी ओलांडतो आणि समोर त्याला बाग दिसते. कापलेली हिरवळ, फुलझाडांचे वाफे आणि मधूनमधून बुटकी दगडी जोती, म्हणजे जुन्या इमारतींचे उरलेले चौथरे. अर्ध्या तासात तो बाहेर पडतो आणि "आत बघण्यासारखं काही नाही" असं सगळ्यांना सांगतो. आत पुष्कळ आहे, पण ही हिरवळ ते कळू देत नाही. जोत्यांना लागून असलेली हिरवळ काढावी आणि चौकांच्या आतली तर पूर्णच काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

१० जानेवारी १७३० ला पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत वरचं सागवानी काम गेलं. आपल्या हातात उरली ती जोती. जुन्या वाड्यात मोकळा चौक, त्याच्याभोवती सोपे, म्हणजे खांबांवरच्या ओसऱ्या, आणि सोप्यांमागे खोल्या. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. जोत्यावर जिथे तळखडे, म्हणजे खांबांखालचे दगड, शिल्लक आहेत तिथे ते मोजत गेलं की दिवाणखाना किती खणांचा होता हे उभ्या उभ्या समजतं. पण चौकातही गवत आणि चौकाबाहेरही गवत, तेही एकाच पातळीत, मग आतलं कुठलं आणि बाहेरचं कुठलं हे पाहुण्याने ओळखायचं कसं?

शिवाय पेशव्यांच्या मोठ्या बागा वाड्याबाहेर होत्या. हिराबाग पाहा, पर्वतीच्या पायथ्याचं तळं आणि त्यातला सारसबागेचा गणपती पाहा. वाड्यात चौक होते, कारंजी होती. हा सपाट गालिचा नंतरचा आहे.

हिरवाई

पूर्ण असहमत. हिरवळ काढाल, पण त्या जागी काय घालणार ते लिहिलेलंच नाही. पुण्यात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक जून ते सप्टेंबरातच. उघडी माती ठेवलीत तर पहिल्या दोन पावसांत चिखल, दिवाळीपर्यंत कमरेएवढं गाजर गवत आणि मार्चपासून धूळ. गाजर गवताने अंगाला खाज सुटते, त्याच्या परागांनी दम्याच्या माणसाला त्रास होतो. मग ते उपटायला माणसं लावा, ती कुदळ घेऊन येणार आणि कुदळ जोत्याच्या सांध्यात बसणार. गवत हे त्या मातीवरचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मऊ पांघरूण आहे.

उन्हाचंही बघा. काळा दगड दुपारी बारापासून तापतो आणि संध्याकाळपर्यंत उष्णता सोडत राहतो. एप्रिलमध्ये शाळेची पन्नास मुलं आली तर ती बसणार कुठे? जोत्यावरच. हिरवळ आहे म्हणून जोती वाचलीत.

आणि बागा नंतरच्या म्हणून काढायच्या, हा न्याय सारसबागेला लावाल का? तिथलं तळंच गेलं आणि त्या जागी बाग झाली. कोणी तिथे परत पाणी भरा म्हणत नाही.

चुना_विटा

दोघांनीही पाण्याचा विषय सोडलाय. खरं दुखणं तिथे आहे.

उन्हाळ्यात पुण्यात गवत जगवायचं तर चौरस मीटरला रोज पाच-सहा लिटर पाणी लागतं. हे पाणी फवाऱ्याने दिलं की निम्मं जोत्याच्या अंगावर जातं. काळ्या दगडाला त्याचं फारसं काही होत नाही, तो घट्ट असतो, पाणी पीत नाही. पाणी पितात ते सांधे, म्हणजे चुना आणि विटा. जमिनीतून ओल वर चढते, उन्हाने पाणी उडून जातं आणि त्यातला क्षार विटेच्या तोंडाशी जमतो. हाच लोणा. विटेवर पांढरी भुकटी दिसली की समजावं. पुढे तिचे पापुद्रे सुटतात आणि बोटाने घासलं तरी लाल भुगा पडतो. तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा आहे, त्यामुळे तटाच्या पायाशी पाणी दिलं तरी वरच्या विटांना लगेच धोका नाही. पण आतल्या भिंतींत जिथे वीट जमिनीजवळ आहे तिथे नक्की आहे.

यावर कोणी सिमेंटने दर्जा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, भरल्या तर आणखी वाईट. सिमेंट ओलीला बाहेर जाऊ देत नाही, मग ती शेजारच्या विटेतून वाट काढते आणि वीटच फुटते. दर्जा चुन्याच्याच हव्यात, चुना चांगला मुरलेला हवा आणि भरल्यावर निदान आठवडाभर ओलं गोणपाट लावून ठेवायला हवं.

उपाय मोठा नाही. जोत्यापासून दोन फूट हिरवळ मागे घ्यायची. त्या पट्ट्यात वीतभर खोल खडी, खालच्या तळाला जोत्यापासून बाहेरच्या बाजूला उतार आणि पट्ट्याच्या कडेला दगडी काठ. खणण्याआधी पुरातत्त्व खात्याचा माणूस हजर पाहिजे, कारण वीतभर खालीही जुनी फरसबंदी लागू शकते. लागली तर तिथेच थांबायचं, खडी टाकायचीच नाही. उरलेल्या गवताला फवारा बंद, पाणी पाटाने किंवा झारीने आणि तेही पहाटे.

पर्वतीपायथा

हिरवळीवर एवढा राग कशाला? माणसाला वाडा कळत नाही याचं कारण तो चुकीच्या क्रमाने चालतो.

आधी विश्रामबागवाडा बघा. दुसऱ्या बाजीरावांचा, दर्शनी भागातलं लाकूडकाम अजून उभं आहे. सुरूच्या झाडासारख्या घाटाचे खांब, त्यांवरची तुळई, कोरीव सज्जा हे सगळं डोळ्यांत भरून घ्या. तिथून बाजीराव रस्त्याने शनिवारवाडा चालत पंधरा मिनिटांवर आहे. आत गेल्यावर खाली फिरू नका, आधी जिना चढून दिल्ली दरवाजावरच्या नगारखान्यात जा. वरून सगळ्या जोत्यांचा नकाशा एका नजरेत येतो आणि हिरव्यावर काळ्या रेषा उलट जास्त उठून दिसतात. तटावर जाऊ देत असतील तर एक फेरी तिथून मारा आणि मग खाली उतरून हजारी कारंज्याकडे या. पावसाळ्यात तटाच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, रबरी चप्पल घालून चढू नका.

मेट्रोने आलात तर कसबा पेठ स्थानक किंवा नव्या पुलापलीकडचं महापालिकेचं. गाडी आणू नये, शिवाजी रस्त्यावर लावायला जागा मिळत नाही.

मुठाकाठ

इंग्रजांनी तोफा डागून वाडा पाडला ना? मग जोत्यांवरही गोळ्यांच्या खुणा असतील, त्या कोणी का दाखवत नाही?

कसबेकर

@मुठाकाठ, नाही. १७ नोव्हेंबर १८१७ ला वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, तेव्हा वाडा उभा होता. गेला तो १८२८ च्या आगीत. ही समजूत इतकी पक्की बसली आहे त्याचं कारणही हेच, की खाली दिसतं त्यावरून कोणालाच काही उलगडत नाही.

@पर्वतीपायथा, नगारखान्यातून नकाशा दिसतो हे मान्य. पण गुडघे दुखणारी माणसं आणि चाकाच्या खुर्चीतली माणसं वर चढू शकत नाहीत. त्यांना वाडा जमिनीवरूनच कळला पाहिजे. @चुना_विटा यांचा दोन फुटांचा पट्टा मला चालेल, पण चौकांच्या आत हिरवळ नको हे कायम. तिथे घट्ट ठोकलेला मुरूम घाला. बाहेर हिरवं, आत तांबूस, म्हणजे चौक कुठे आहे हे लहान मुलालाही कळेल.

हिरवाई

खडीचा पट्टा मान्य, पण काठ जमिनीच्या चार बोटं वर ठेवा, नाहीतर खडी महिनाभरात पायवाटेवर येते. आणि तण खडीतही उगवतं, त्याची खुरपणी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हाताने करावी लागेल. तणनाशक मारलं तर क्षार वाढतील. पिंपळ-उंबराची रोपं तर दोन पानांची असतानाच काढा, मूळ सांध्यात शिरलं की ओढून काढताना दगड हलतो.

चौकातल्या मुरुमाला मात्र माझा विरोधच आहे. निदान हजारी कारंज्याभोवती नको. सोळा पाकळ्यांचं ते कमळ आहे, तिथे कात्रजच्या तलावाचं पाणी उच्छ्वास (नळातली हवा बाहेर सोडणारे मनोरे) आणि हौद घेत नळातून यायचं. मुरूम वाऱ्याने उडतो, पाकळ्यांच्या खाचांत बसतो आणि पावसात त्याचा गाळ होऊन घट्ट धरतो. तो काढायला तारेचा ब्रश लावला तर कोर झिजणार.

चुना_विटा

मग कारंज्याभोवती मुरूम नको, फरशी करा. सुटी, चुन्याच्या पातळ थरावर बसवलेली, उद्या उचलता येईल अशी. बाकी एका चौकात मुरूम घालून एक पावसाळा जाऊ द्या. भिंतीवर लोणा कुठवर चढतो ते जूनच्या आधी आणि दिवाळीनंतर खडूने खूण करून मोजा. त्याआधी दुसऱ्या चौकाला हात लावू नका.