पुरावा राहू नये म्हणून विष?
पुरावा राहू नये म्हणून सरकारं विष वापरतात, असं एक मत आहे. मला ते अर्धंच पटलं. रशियातून ब्रिटनला पळून गेलेला माजी रशियन गुप्तहेर लिटविनेन्को, त्याचंच बघा ना. १ नोव्हेंबर २००६, लंडनचं मिलेनियम हॉटेल, ग्रीन टीमध्ये पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी विष. डॉक्टरांना आधी थॅलियम या दुसऱ्या विषारी धातूचा संशय. खरं कारण कळलं तेव्हा माणूस शेवटच्या घटका मोजत होता. पण कळल्यावर? हॉटेलं, विमानं, सगळीकडे किरणोत्साराचा माग. ती किटली तर धुऊन पुन्हा गिऱ्हाइकांसाठी वापरात होती! २०१६च्या ब्रिटिश चौकशी अहवालानुसार या हत्येला बहुधा पुतिन यांची संमती होती. माझा तर्क असा, की माग लपवण्याची फारशी फिकीरच नसावी. पळून गेलेल्या इतरांना जरब बसली की काम झालं. मुख्य संशयित लुगोवोय २००७मध्ये रशियात चक्क खासदार झाला.