आईच्या फोनवर दुसऱ्याच बाईंच्या कर्जाची वसुली, मदत हवी आहे

कृष्णाकाठ
आईच्या मोबाईलवर दिवसभर वसुलीवाल्यांचे फोन येतात. कुणा बाईंचं नाव घेतात, हप्ता थकलाय म्हणतात आणि ती कुठे आहे ते सांगा म्हणून दरडावतात. आईने त्या बाईंना जन्मात पाहिलेलं नाही. एक नंबर ब्लॉक केला की दुसऱ्यावरून सुरू. काल एकाने तिला "म्हातारे, तूच लपवलं असशील" असं ऐकवलं. आता ती फोन वाजला की दचकते, माझाही उचलत नाही. हे बंद कसं करायचं? कृपया लवकर सांगा. नंबर बदला असं सांगू नका, गॅस, बँक सगळीकडे तोच दिलाय.

वायरमन
१९०९ वर फोन करून पूर्ण डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) लावा. मी लावलं, फोन एकदम कमी झाले.

अनुस्वार
डीएनडी जाहिरातींसाठी असतं. तुम्हाला प्लॉट आणि क्रेडिट कार्ड विकणारे फोन करत असतील, ते थांबले. वसुलीवाला काही विकायला फोन करत नाही.

वायरमन
लावायला पैसे पडत नाहीत. लावून बघायला काय हरकत आहे? वर फोन आल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रारही करता येते.

अनुस्वार
हरकत काहीच नाही. पण त्या माऊलीचे आणखी आठ दिवस वाट बघण्यात जातील, म्हणून बोललो.

दुपारचा_चहा
ताई, कर्ज बँकेचं आहे की ॲपचं? आईंनी कुणाला जामीन दिलाय का? आणि हा नंबर किती जुना?

कृष्णाकाठ
जामीन वगैरे काही नाही. कुठली कंपनी विचारलं की फोन ठेवतात. नंबर यंदाच घेतला, जुन्या कंपनीची रेंज घरात येत नव्हती. पण नंबर जुना की नवा याचा इथे काय संबंध?

अनुस्वार
सगळा संबंध तिथेच आहे. बंद पडलेला नंबर कंपन्या ९० दिवस बाजूला ठेवतात आणि मग नव्या गिऱ्हाईकाला देतात. तुमच्या आईंचा नंबर आधी त्या बाईंचा असणार. कर्ज देणाऱ्याच्या कागदावर तो अजून तसाच आहे. तो तिथून काढला जात नाही तोवर तुम्ही कितीही नंबर ब्लॉक करा, उपयोग नाही.

गावठाण
किंवा त्या बाईंच्या फोनबुकात आईंचा नंबर असेल. माझ्या मेहुण्याने कर्जाच्या ॲपला काँटॅक्ट्सची परवानगी दिली होती, त्यांनी आमच्या अख्ख्या सोसायटीला फोन केले. रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून ॲपवाल्यांना फोनबुक बघायला मनाई केली आहे, तरी करतात.

अनुस्वार
ओळखच नाही म्हणतायत ना त्या. मग फोनबुकात कुठून येणार?

सह्याद्री_७१
सर्वांनी व्हॉट्सॲपला टू-स्टेप पिन लावा. आमच्याकडे एकाचं अकाउंट गेलं.

दुपारचा_चहा
काका, तो विषय वेगळा आहे. ताई, हप्त्याचे मेसेजही येतात का? येत असतील तर पाठवणाऱ्याच्या जागी काय लिहून येतं?

कृष्णाकाठ
येतात. सुरुवातीला दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग सहा इंग्रजी अक्षरं. खाली कर्ज खात्याचे शेवटचे चार आकडे असतात. बँकेचे ओटीपी पण येतात, ते आई लगेच पुसून टाकते.

दुपारचा_चहा
मग काम झालं! त्या सहा अक्षरांना हेडर म्हणतात. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या वेबसाईटवर हेडर शोधायची सोय आहे, तिथे टाकलं की कंपनीचं नाव येतं. मग त्या कंपनीच्या साईटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल शोधा. वसुली एजन्सीशी बोलत बसू नका, तिला फक्त यादी दिलेली असते. मेलमध्ये मोबाईल नंबर, ते चार आकडे, मेसेजचे स्क्रीनशॉट आणि सिम आईंच्या नावावर कधी सुरू झालं ते लिहा. "हा नंबर या खात्यातून काढावा" हे पहिल्याच ओळीत येऊ द्या. आणि "कर्ज बंद करतो, ओटीपी सांगा" असा फोन आला तर आईंनी एक आकडाही सांगायचा नाही.

गावठाण
फोनच्या वेळाही टिपून ठेवा. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. शिवीगाळ केली तर रेकॉर्डिंग घेऊन सरळ पोलीस ठाण्यात जा.

कृष्णाकाठ
हेडरवरून नाव सापडलं, मेल केला. आज उत्तर आलं की आईच्या आधारची प्रत पाठवा, मग बघू. पाठवू का?

वायरमन
पाठवा आणि मोकळ्या व्हा.

अनुस्वार
अजिबात नको. ज्यांना तुमच्या आईचं नावसुद्धा ठाऊक नाही त्यांच्या हातात आधार कशाला द्यायचं? सिम कंपनीकडून नंबर सुरू झाल्याची तारीख लेखी घ्या, तेवढं पुरतं. अगदीच अडून बसले तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

कृष्णाकाठ
मास्क्ड काढायला ओटीपी लागतो. तो आईच्या जुन्या नंबरवर जातो. ते सिम रिचार्ज न करता ड्रॉवरमध्ये पडलंय.

दुपारचा_चहा
ताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आधी त्या जुन्या सिमला रिचार्ज मारा. ते बंद झालं तर काही महिन्यांनी तो नंबर तिसऱ्याच माणसाला मिळेल आणि आईंच्या आधारचे ओटीपी त्याच्याकडे जातील. रिचार्ज झाला की आईंना आधार केंद्रात घेऊन जा आणि नवा नंबर जोडून घ्या. बँक, पेन्शन, एलआयसी, कुठे कुठे जुना नंबर दिलाय त्याची यादी करा. ती संपेपर्यंत जुनं सिम चालू ठेवा.

कृष्णाकाठ
रिचार्ज केला. सिम कंपनीकडे तारीख मागितली आहे, ती आली की मेलला जोडते. पेन्शनला कुठला नंबर आहे ते आईला आठवत नाही, उद्या बँकेत विचारते.