लेबर डेचं ग्रिल आणि पोर्चवरचे भोपळे : तुमच्या फजित्या लिहा

सप्टेंबरचा पहिला सोमवार म्हणजे लेबर डे. अमेरिकेत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, या लाँग वीकेंडला घराच्या दोन बाजूंना दोन ऋतू असतात. मागे डेकवर उन्हाळ्यातलं शेवटचं ग्रिलिंग, पुढे पोर्चवर फॉलची सजावट. खरा शरद संपात २२-२३ सप्टेंबरला, पण दुकानांनी ऑगस्टमध्येच भोपळे मांडलेले असतात, मग आपल्याला तरी कुठे दम निघतो!

यंदा मला दोन्ही ऋतू एकाच बाजूला हवे होते. मक्याच्या वाळक्या ताटांच्या जुड्या डेकच्या रेलिंगला सुतळीने बांधल्या, खाली पेंढ्याचे दोन गठ्ठे, त्यावर भोपळे. फोटो झकास आले. संध्याकाळी नवऱ्याने तिथून जेमतेम चार फुटांवर कोळसे पेटवले. मी आत काकडी चिरत होते. वाऱ्याची एक झुळूक आली, दोन ठिणग्या उडाल्या आणि जुडी सुतळीसकट पेटली. पाण्याचा पाइप हाताशी होता म्हणून रेलिंगच्या दोन पट्ट्यांवर निभावलं. "भाजायची कणसं बादलीत भिजत राहिली आणि बाबाने कडबा भाजला," असं लेक अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

तुमच्याकडे काय काय झालंय? टिपा नंतर, फजिती आधी.

राखरांगोळी

कडब्याचं काय घेऊन बसलात, आम्ही कचऱ्याचा डबा वितळवलाय. रविवारी रात्री जेवणं आटोपली, कोळशांवर पांढरी राख धरली होती, वर हात धरला तर ऊबही लागेना. सकाळी पाहुणे यायचे म्हणून राख कागदी पिशवीत भरली आणि गराजशेजारच्या प्लॅस्टिकच्या डब्यात टाकून झोपलो. पहाटे वासाने जाग आली. डबा अर्धा खाली बसलेला, गराजच्या सायडिंगला फोड आलेले. बायको काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

राखेच्या पोटात निखारा दीड-दोन दिवस जिवंत राहू शकतो. तेव्हापासून झाकण लावून वरखालची भोकं बंद करतो, ४८ तास हात लावत नाही, मग राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. जाता जाता, तो गोल केटल ग्रिल १९५२ मध्ये जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणारा धातूचा बोया कापून बनवला. ते ज्या वेबर ब्रदर्स कंपनीत होते तिथे बोयेही बनायचे. वाऱ्याने राख जेवणावर उडते म्हणून त्यांना झाकण हवं होतं. मला ते झाकण विझवण्यासाठी आहे हे कळायला एक डबा लागला.

पोर्चवाली

माझी फजिती थंड आहे. मम्स म्हणजे आपली शेवंतीच. एका वर्षी सजावट उतरवल्यावर कुंड्या टाकवेनात म्हणून पोर्चच्या पायरीशी जमिनीत लावल्या. बहुतेक वेळा उशिरा लावलेली झाडं हिवाळ्यात मरतात, माझी जगली. पुढच्या सप्टेंबरात शेजारी सगळं पिवळंधमक आणि माझ्याकडे नुसती हिरवी झुडपं. खत घातलं, झाडांशी बोलूनही पाहिलं. शेवटी नर्सरीतल्या आजींनी विचारलं, "रात्री तिथे दिवा असतो का?" शेवंतीला कळी धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते आणि आमचा पोर्चचा दिवा रात्रभर चालू. दिवा बंद केल्यावर ऑक्टोबर संपता संपता फुलली. चार दिवसांनी फ्रॉस्ट पडला!

निळीज्योत

गॅसवाले हसू नका, आमच्याकडेही होतं. ऑगस्टभर ग्रिल वापरलं नव्हतं. लेबर डेला पेटवलं तर ज्योत निळीऐवजी पिवळी, आणि नॉबच्या मागून भसकन आग. बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं विणलं होतं. गॅस पुढे जायला वाट नाही, म्हणून तो उलटा आला. कोळ्यांना त्या नळ्या आवडतात, हे फार जणांना माहीत नसतं. आता बराच काळ बंद राहिलेलं ग्रिल पेटवण्याआधी नळीत लांब ब्रश फिरवतो आणि टाकीच्या जोडाला साबणाचं पाणी लावतो. बुडबुडे आले की त्या दिवशी बाहेरून मागवायचं.

चारफुटी

पोर्चवर पेंढ्याचे गठ्ठे ठेवणाऱ्यांनो, विकत घेताना तो स्ट्रॉच आहे ना बघा. मी स्वस्तात मिळालं म्हणून 'हे' (hay) आणलं, म्हणजे बियांसकट वाळलेलं गवत. दोन पाऊस झाले आणि आमच्या सोफ्यासारख्या गठ्ठ्याला हिरवे केस आले. मुलांनी त्याला डोळे लावले.

मधमाशी नव्हे

गांधीलमाश्यांबद्दल कोणीच लिहिलं नाही? येलोजॅकेट. जूनमध्ये फारशा दिसत नाहीत आणि नेमक्या या वीकेंडला चिकनवर, सोड्यावर, सगळीकडे. उन्हाळाअखेर पोळं सगळ्यात मोठं झालेलं असतं आणि पिल्लं कमी होत जातात. पिल्लांकडून मिळणारा गोड रस आटला की कामकरी माश्या साखर शोधत फिरतात. आमच्या एका पाहुण्यांनी न बघता सोड्याचा कॅन तोंडाला लावला. ओठावर डंख. फॅमिली फोटोत ते अजून रुसल्यासारखे दिसतात. तेव्हापासून झाकणाचे ग्लास आणि स्ट्रॉ.

धाग्याची मालकीण

चारफुटी, तुमचं नाव वाचून मी आमचं अंतर परत मोजलं. तीन फूट आठ इंच. यापुढे डेकवर काही वाळकं लावायचं नाही असं घरात ठरलंय. जुड्या पुढे हलवल्या.

तिसरा मजला

आमच्या अपार्टमेंटच्या नियमात बाल्कनीत कोळसा आणि गॅस दोन्ही बंद, त्यामुळे आम्ही नुसते भोपळे मांडणारे. न कोरलेले ठेवले तर दोन महिने सहज जातात. गेल्या वर्षी मुलीच्या हट्टाने सप्टेंबरातच कोरला, आठवड्यात आतून काळा पडून बसका झाला. या वर्षी कोरला नाही, तर खारीने खालून पोखरला. तिसऱ्या मजल्यावर! तिखटाचं पाणी फवारलं. दोन दिवस आली नाही, मग पाऊस पडला.