बिनतारी स्विच युनिट: झाकण लावलं की दिवा लागेना

खानापूरकर: आमच्या घराला जांभ्याच्या दीड फुटी भिंती, वायरसाठी झिरी मारणार कोण? म्हणून जिन्याच्या स्विचमागं बॅटरीवरचं बिनतारी युनिट बसवलं, स्विच दाबला की दिव्याला रेडिओ सिग्नल धाडणारं. पेटी उघडी असली की दिवा लागतो, स्क्रू आवळले की ठप्प. काय चुकलं?

निपाणीचा वायरमन: पेटी आणि प्लेट लोखंडी आहे का? मग सिग्नल आतच कोंडतोय. प्लास्टिकची घाला. आणि स्विचवर जुनी फेज नाही ना? युनिटच्या इनपुटला कोरडा कॉन्टॅक्टच लागतो, म्हणजे ज्यावर बाहेरचा करंट नाही असा नुसता स्विच; २३० व्होल्ट गेले की युनिटची राख.

खानापूरकर: दोन्ही लोखंडी, आजोबांच्या वेळची! फेज मेन बंद करून आधीच काढलीय.

वडगाव, बेळगाव: डिमिंग हवं असेल तर बेलचं बटण लावा राव. बहुतेक युनिटांत दाबून धरलं की उजेड कमी-जास्त होतो. साध्या स्विचनं मी आठवडाभर डोकं फोडलं.

खानापूरकर: पेटी बदलली. लागला!