स्पर्शपाट्या: मुलं दोन मिनिटांत उठतात, काय चुकतंय?

खडूफळा
बालवाडी, वय ४ ते ५. मॉन्टेसोरीच्या स्पर्शपाट्या स्वतःच बनवल्या आहेत. पॉलिश पेपर ८०, १००, १२० आणि १५० नंबरचा (नंबर जितका मोठा, तितका कागद कमी खरखरीत), प्रत्येकाची जोडी, प्लायवर चिकटवलेली. डोळ्यांना पट्टी बांधून जोड्या लावायच्या. काही मुलं लगेच कंटाळतात, काही धडाधड बरोबर लावून मोकळी होतात. लक्ष टिकवण्याचा सराव व्हावा म्हणून खटाटोप, तोच होत नाहीये.

सुतारपक्षी
नंबर फार जवळचे घेतलेत. ८० आणि १०० मोठ्यांनाही चटकन वेगळे कळत नाहीत, म्हणून मुलं कंटाळतात. आधी ६० आणि ४०० या दोनच जोड्या द्या. त्या जमल्या की १२०, मग २२०.

धडाधड लावणारी मुलं बहुतेक कानाने लावतात! ६० नंबर खरखर वाजतो, ४०० जवळजवळ गप्प. पंखा मोठा ठेवा. दुसरी पळवाट रंगाची: वॉटर पेपर (पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर) काळा, लाकडासाठीचा तपकिरी, आणि पट्टीखाली नाकाजवळच्या फटीतून ते दिसतं. पट्टीऐवजी खोक्याला दोन भोकं पाडून जुन्या शर्टाच्या बाह्या लावा.

फेविकॉलचा थर पातळच. जास्त झाला तर कागद ओलावून वळतो, कडा उचलते, मग मूल खरखरीतपणा सोडून कडच चाचपतं. रात्रभर वजनाखाली दाबून ठेवा.

बोटांचीशाळा
हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे करा, हे मॉन्टेसोरीबाईंचंच. तर्जनी आणि मधलं बोट, फक्त टोकं, डावीकडून उजवीकडे, पिसासारखं हलकं. बोट एका जागी ठेवलं की काही सेकंदांत स्पर्श पुसट होतो (मनगटावरचं घड्याळ जाणवेनासं होतं तसं), म्हणून ते फिरतं हवं. जोर दिला तर नुसतं घासणं होतं. ६० नंबरवर आठ-दहा फेऱ्या पुरे, पुढे कातडी हुळहुळते.

आणि ताई, मूल गुंगलेलं असताना "शाब्बास" म्हणू नका. मान वर होते, धागा तुटतो. चूकही सांगू नका, शेवटी उघडून त्यालाच बघू दे. पाच-सात मिनिटं झाली की त्याने मागितलं तरच पुढे.

मूगमटकी
मोजताना एक जपा. "ही तीच की वेगळी?" असं विचारलं तर नुसत्या अंदाजाने ठोकलेली उत्तरंही निम्मी बरोबर येतात. दहापैकी सहा म्हणजे काहीच नाही. नऊ आली की पुढची पायरी, सहाच्या आत आली तर एक पायरी मागे.

पाट्यांचा कंटाळा आला तर कडधान्यं. हरभऱ्याला चोच असते, ती बोटाला लगेच सापडते, म्हणून आधी हरभरा आणि चवळी. मूग-मटकी सगळ्यात शेवटी. तीन वर्षांखालच्यांना नको, नाकात घालतात. मात्र यामुळे पाढे पाठ करतानाही लक्ष लागेल असं पालकांना सांगू नका. सराव ज्याचा, सुधारणा मुख्यतः त्यातच.

खडूफळा
४०० आणि २२० आजच आणते. मटकी भिजवलेली चालेल?

मूगमटकी
नको. भिजून फुगली की आकाराने मुगाच्या जवळ जाते, आणि चिकटते. कोरडीच घ्या, पाखडून. खडा राहिला तर मुलं नेमका तोच आधी शोधतात.